पाच गोड्या, दोन तिखट

बारकी त्रेचाळीस वर्षांची झाली तरी बारकीच राहिली. तिच्यामागून घरात कुणी जन्माला आलं नाही, मग नाव बदलायची तसदी घेणार कोण? थोरली मात्र अख्ख्या गल्लीची ताई. तिच्यापेक्षा वयानं मोठी माणसंसुद्धा तिला ताई म्हणत, आणि त्याला कारण होतं तिचं तिखट चीज.

हा प्रकार मूळचा ग्रीक लोकांचा. दोघींची आई तरुणपणी एका ग्रीक बाईंच्या घरी स्वयंपाकाला होती, तिथून ती तो शिकून आली. खाऱ्या पाण्यातलं पांढरं फेटा चीज घ्यायचं, तासभर साध्या पाण्यात भिजवून त्याचा खारटपणा उतरवायचा. लांब लाल मिरच्या थेट गॅसवर काळ्याठिक्कर पडेपर्यंत भाजायच्या, झाकण लावून पातेल्यात कोंडायच्या, मग साल काढायची, बिया काढायच्या. चीज काट्यानं कुस्करायचं. मिक्सरला लावलं तर सगळं पातळ होऊन बसतं. त्यात मिरच्या, लसणाची पाकळी, ऑलिव्हचं तेल, चमचाभर व्हिनेगर आणि फडक्यात बांधून घट्ट केलेलं दही. पावाला लावून खाल्लं की माणूस दुसरा तुकडा मागतोच.

यातली मिरची मात्र महालबाड. एकाच झाडाच्या, एकाच रंगाच्या, एकाच लांबीच्या दोन मिरच्या घ्या. एक गोड निघेल आणि दुसरी कानातून धूर काढेल. बाहेरून बघून कुणाच्या बापाला कळायचं नाही. आईचं माप ठरलेलं होतं, पाच गोड्या, दोन तिखट. चुकून तिसरी तिखट पडली तर ग्रीक बाईंचा नवरा ताटली सरकवायचा आणि आईला बोलणी बसायची. मग आईनं घरच्या घरी तोड काढली. बारकी तेव्हा आठ वर्षांची होती, जीभ कोवळी. तिला ओट्याजवळ स्टुलावर बसवायचं आणि प्रत्येक मिरचीचा देठाजवळचा तुकडा कापून तिच्या जिभेवर ठेवायचा, कारण तिखटपणा देठापाशी दडून बसतो. डोळ्यांत पाणी आलं तर मिरची उजव्या पातेल्यात, नाही आलं तर डाव्या. पोरगी हुंदके द्यायची आणि आई चार माणसांत सांगायची, आमच्या बारकीचे डोळे म्हणजे सोनाराचा काटा. माणसं हसायची. बारकीला वाटायचं, आपलं कौतुक चाललंय.

पस्तीस वर्षं हे असंच चाललं. पंधरा वर्षांपूर्वी आई गेली, जाताना दोन खोल्यांचं घर ताईच्या नावावर करून गेली. ताईनं चीज बाटल्यांत भरून चौकातल्या दुकानदाराला द्यायला सुरुवात केली, बाटल्यांवर स्वतःचं हसरं चित्र छापून घेतलं, आणि बघता बघता घरात पेट्यांनी मिरच्या येऊ लागल्या. बारकी मागच्या गॅलरीत नळाशेजारी बसून त्या एकेक करून चाखायची. ओठ सुजायचे, नाक गळायचं, घास गिळवायचा नाही. ताई कुस्करायची, ढवळायची, झाकणं लावायची आणि आल्यागेल्याला सांगायची की ज्याच्या हाताला चव असते त्याच्याच हाताला असते. बहीण काय करते, असं कुणी विचारलंच तर म्हणायची, "ती होय? ती रडते." हा तिचा ठेवणीतला विनोद होता.

घरात आणखी एक माणूस होतं, आईची चुलतबहीण. ही मावशी मिरच्या भाजायची. दोन वर्षांपूर्वी तिचे हात थरथरायला लागले, दोनदा बाहीला जाळ लागला. ताईनं आठवडाभर वाट बघितली आणि एका सकाळी मावशीची पिशवी भरून तिला वृद्धाश्रमात सोडून आली. परत येऊन चहा पिता पिता म्हणाली, "बसून खाणारं माणूस मला परवडत नाही. आईलाही परवडलं नसतं." हे काही तिनं बारकीकडे बघून म्हटलं नव्हतं. पण बारकीनं ते बरोबर ऐकलं आणि त्या दिवसापासून चहाचा दुसरा कप मागायचं सोडलं.

आणि मागच्या थंडीत बारकीची जीभ मेली.

आठवडाभर ताप होता. ताप उतरला तशी ती गॅलरीत येऊन बसली, पहिला तुकडा जिभेवर ठेवला, काही नाही. दुसरा ठेवला, काही नाही. घाबरून तिनं अख्खी मिरची बियांसकट चावली, तर तोंडात नुसता गिळगिळीत लगदा. ओठांवर चोळून बघितलं, तर तेही पस्तीस वर्षांत निबर झालेले. वास घेतला, तर सगळ्यांना भाजल्याचा एकच वास. आतून ताईच्या हाका सुरू झाल्या, झालं का, आण पातेली. घाईघाईत बारकीनं घाम पुसला आणि बोट डोळ्याला लागलं. डोळ्याची नुसती आग आग झाली, पाण्याची धार लागली, नळाची तोटी हाताला सापडेना. त्यातसुद्धा तिच्या मनात पहिला विचार काय आला असेल? ही मिरची तिखट आहे.

मग तेच सुरू झालं. तुकडा बोटाच्या टोकावर चोळायचा आणि बोट उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात टेकवायचं. गोडी असली तर जरा चुरचुरायचं. तिखट असली तर कठडा धरून उभं राहावं लागायचं. मग नळाखाली डोळा धरायचा, आग शांत होईपर्यंत थांबायचं आणि पुढची मिरची घ्यायची. पूर्वी तासाभरात उरकणाऱ्या कामाला आता अख्खा दिवस पुरेना. ताई म्हणायची, हल्ली तुला काम जड झालंय बारके, अंगात आळस भरलाय. बारकी पुढची मिरची उचलायची.

आता कुणी म्हणेल, काय मूर्ख बाई आहे, सरळ सांगून टाकायचं की जीभ गेली. असं म्हणणाऱ्यांच्या नावावर घर असतं.

दुकानदाराचा माल न्यायला मंगळवारी आणि शुक्रवारी टेम्पोवाला यायचा. पन्नाशीचा, बायको वारलेली, बोलायला मऊ, घरात शिरताना टोपी काढून हातात धरणारा. ताई पेट्या मोजून देईपर्यंत तो गॅलरीच्या दारापाशी येऊन उभा राहायचा. बारकीचा लालबुंद डोळा बघून चुकचुकायचा. एका बैठकीत किती मिरच्या होतात, त्यानं विचारलं. दमत नाही का? कधी चूक होते का? इतक्या वर्षांत एकदाही नाही? बारकीला जन्मात कुणी इतके प्रश्न विचारले नव्हते. एकेक प्रश्न ती दोन दोन दिवस मनात घोळवायची, उत्तर याहून बरं देता आलं असतं का म्हणून. जिभेचं मात्र तिनं त्याला सांगितलं नाही. पहिल्यांदाच कुणी चौकशी करतंय, तिथं आपली खोट कोण दाखवेल?

एका मंगळवारी तो म्हणाला की त्याच्या घराला मागं एक मोठी खोली आहे, चांगली हवेशीर. मोठी खिडकी आहे, खिडकीखाली नळ आहे, नवी मोठी शेगडीही आणलीय, पण एकट्या माणसाला काय करायचंय, सगळं पडून आहे. मग टोपी दोन्ही हातांत फिरवत म्हणाला, "तुम्ही इथं कुणासाठी जीव जाळताय? माझ्याकडे या. कचेरीत जाऊन लग्नाच्या सह्या करू, तीन साक्षीदार माझे मी आणतो."

बारकीनं खिडकी ऐकली. नळ आणि शेगडी तिच्या कानांवरून गेली.

तीन दिवस ती हवेत होती. आरशासमोर उभी राहून केस दोन तऱ्हांनी बांधून बघितले. त्रेचाळिसाव्या वर्षी बाईला लाज वाटावी इतकी ती खूश होती, आणि वाटलीच थोडी. चौथ्या दिवशी तिनं ताईला सांगितलं. ताई चीज कुस्करत होती, तिचा काटा थांबला. आधी तिला खरंच वाटेना. मग ती हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली आणि विचारलं, "तुझ्यात काय बघितलं त्यानं?"

प्रश्न तसा सरळच होता. बारकीचे नुसते कान तापले. हसून झाल्यावर ताईनं हिशोबी आवाजात सांगितलं की नाक्यावरच्या मोठ्या हॉटेलनं दुकानदारामार्फत साठ बाटल्या मागितल्यात, शुक्रवारी द्यायच्यात. हॉटेलच्या आचाऱ्याला माल पसंत पडला तर दर आठवड्याला जाईल, नाही पडला तर नाव जाईल. तेव्हा आधी शुक्रवारचं काम पुरं करायचं आणि मग खुशाल लग्न कर नाहीतर विहिरीत उडी टाक. तोवर त्याच्यासाठी घराबाहेर पाऊल टाकलंस तर हे दार तुला कायमचं बंद. आईच्या जागी आता तीच होती. बारकीनं मान डोलावली.

पण डोळ्यानं मान डोलावली नाही. सोमवारी सकाळी उठली तर उजव्या डोळ्यासमोर धुकं. पाणी मारलं, चोळलं, तरी जाईना. आरशात बघितलं तर बुबुळावर साबुदाण्याएवढा पांढरा ठिपका. भाजी आणायला जाते म्हणून ती डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर वयस्कर बाई होत्या. त्यांनी दिवा मारून बघितलं, पुन्हा बघितलं, आणि विचारलं की डोळ्यात काय जातं. बारकी म्हणाली, साबण. डॉक्टरांनी तिच्या बोटांकडे बघितलं. भाजक्या मिरच्यांनी नखांच्या कडा लाल झालेल्या.

"साबण असो नाहीतर आणखी काही," त्या म्हणाल्या, "व्रण पडलाय. हा ठिपका आता जायचा नाही. पण आणखी एकदा जरी ते आत गेलं, तर हा डोळा जाईल. समजलं?"

समजलं. थेंबांची बाटली घेऊन बारकी रस्त्याच्या कडेला बराच वेळ उभी राहिली. उजव्या बाजूनं गाड्या येत होत्या त्या तिला जवळ आल्यावरच दिसत होत्या. हॉटेलसाठी तीन पेट्या मिरच्या बुधवारी येणार होत्या. तिथं बसली तर डोळा जाणार, आणि न बसावं तर ताई कारण विचारणार, कारण सांगितलं की जिभेची गोष्ट निघणार, आणि जीभ नसलेली बारकी म्हणजे बसून खाणारं माणूस. सुटायचं तर एकच वाट होती. टेम्पोवाल्यानं दोन दिवसांत तिला घेऊन जायचं, सह्या मागाहून करता येतील. ताईचं दार बंद झालं तर होऊ दे. हवेशीर खोली आहे, मोठी खिडकी आहे.

मंगळवारी तो पेट्या घेऊन खाली उतरला तशी ती कचऱ्याची बादली घेऊन त्याच्यामागे उतरली. टेम्पो गल्लीच्या तोंडाशी उभा होता. बादली रिकामी करून ती त्याच्या शेजारी पुढच्या सीटवर जाऊन बसली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. जीभ कधी गेली, बोट डोळ्याला कसं लावते, डॉक्टर काय म्हणाल्या. सांगताना तिनं उजवा डोळा त्याच्याकडे वळवला, ठिपका दिसावा म्हणून. म्हणाली, बुधवारच्या आत मला न्या.

त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि काचेबाहेर बघितलं. बारकीला वाटलं, बिचाऱ्याला धक्का बसला.

"म्हणजे जिभेला काहीच कळत नाही?" त्यानं विचारलं.

"नाही."

"पण निवड चुकत नाही."

"नाही चुकत."

त्यानं सुस्कारा टाकला. मग तो मोकळेपणानं बोलायला लागला. अगदी घरच्यासारखं, तुम्ही सोडून तूवर आला. पुलापलीकडच्या दोन दुकानांशी त्याचं बोलणं झालंय. बाटल्या बघून ठेवल्यात. चीज काय, कुस्करायला दोन बायका मिळतील, बारकीची ताई काय आभाळातून पडली नाही. खरी मेख मिरच्या निवडण्यात आहे, हे त्यानं पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. आणि तो काही ताईसारखा राक्षस नाही. रोज बसवणार नाही. आठवड्यातनं दोन दिवस, मध्ये चांगली विश्रांती. हे सगळं त्यानं तिचा हात हातात घेऊन सांगितलं. हात ऊबदार होता. मग काहीतरी आठवल्यासारखं तो तिच्याकडे वळला, हनुवटीला बोट लावून तिचा चेहरा उजेडाकडे फिरवला आणि निरखून बघितलं.

"डावा तर चांगला आहे ना?"

बारकी म्हणाली, "हो. डावा चांगला आहे."

विचारलं की उत्तर द्यायचं, एवढंच तिला जन्मभर शिकवलं होतं. टेम्पो गेला. ती रिकामी बादली घेऊन दोन जिने चढली. तिसऱ्या पायरीवर कळलं असेल, नाहीतर दहाव्या. पण दारापाशी पोचेपर्यंत तिला पुरतं कळलं होतं की आगीतून उठून फुफाट्यात पडायला ती तीन दिवस केस बांधत होती. ताईनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं. तिच्यात काय बघितलं त्यानं, ते.

बुधवारी तीन पेट्या आल्या. ताईनं सकाळपासून भाजायला घेतल्या, घर धुरानं भरलं. दुपारी सोललेल्या मिरच्यांचं मोठं घमेलं गॅलरीत आलं, शेजारी दोन पातेली. ताईनं बजावून सांगितलं, आज डोकं ठिकाणावर ठेव, हॉटेलचा माल आहे, एक तिखट जास्त पडली तर आचारी बाटल्या तोंडावर फेकून मारेल.

बारकी स्टुलावर बसली. पहिली मिरची उचलली. सुरीनं देठाजवळचा तुकडा कापला, तो नळाखाली सोडून दिला आणि मिरची उजव्या पातेल्यात टाकली. दुसरी डाव्या. तिसरी डाव्या. चौथी कुठं टाकावी असा प्रश्न पडला तेव्हा तिनं आकाशाकडे बघितलं, एक पक्षी डावीकडे गेला, मिरचीही डावीकडे गेली. मध्येच तोंडावर पाणी मारायचं, नाक ओढायचं, कण्हायचं. ते आवाज तिला झोपेतही काढता आले असते. आत ताईला रोजच्यासारखंच ऐकू येत होतं.

आणि सांगायलाच हवं की बारकी त्या दुपारी सुखात होती. तिला दिसत होतं, पांढऱ्या टोपीतला आचारी बाटली उघडतो, एका बाटलीत नुसता गुळचटपणा, दुसरीत आगीचा डोंब. तो खोकतोय, पाणी मागतोय, आणि बाटलीवर ताईचं चित्र हसतंय. साठ बाटल्या दुकानदाराच्या अंगावर परत येतायत. ताई विचारतेय, असं कसं झालं? तेव्हा गल्लीला कळेल की चव कुणाच्या हाताला होती. कुणाचं तरी वाटोळं व्हावं असं तिला आयुष्यात पहिल्यांदा मनापासून वाटलं, आणि ते वाटणं तिला फार गोड लागलं. जिभेवर काहीच लागत नसताना.

ताईनं गुरुवारभर कुस्करलं. मोठ्या तपेल्यात चीज, दही, तेल, उजव्या पातेल्यातून दोन ओंजळी, डाव्यातून पाच. शुक्रवारी टेम्पोवाला बाटल्या घेऊन गेला, जाताना बारकीकडे बघून आपल्या माणसासारखं हसला. शनिवार गेला. रविवार गेला. बारकी प्रत्येक हाकेला दचकत होती आणि तितकीच वाट बघत होती. एवढं धैर्य तिनं कुठून आणलं, कोण जाणे. घरातून काढलं तर काढलं, असं तिनं ठरवून टाकलं होतं. पण आधी ताईचं तोंड बघायचं होतं.

मंगळवारी टेम्पोवाला आला तो दोन दोन पायऱ्या चढत आला. दारातूनच सांगितलं की हॉटेलवाले बेहद्द खूश आहेत. आचाऱ्यानं स्वतः निरोप दिलाय, दर आठवड्याला शंभर बाटल्या पाठवा. आणि म्हणालाय की पूर्वी दुकानातून चाखायला नेलेल्या बाटल्यांपेक्षा या वेळचा माल जास्त चांगला जमलाय.

ताईनं पदराला हात पुसले. ती काही बोलणार, तेवढ्यात बारकी बोलली.

"मी एकही चाखली नव्हती."

दोघं तिच्याकडे बघायला लागले. मग तिनं सगळंच सांगितलं, थांबताच येईना. जीभ गेल्याचं, डोळ्याचं, डॉक्टरांचं, आणि बुधवारी डोळे मिटून मिरच्या कशा उजवी-डावीकडे फेकल्या ते. फेकल्या हा शब्द तिनं मुद्दाम दोनदा म्हटला. टेम्पोवाला तोंड उघडं टाकून ऐकत होता. बारकीचं सगळं लक्ष ताईच्या चेहऱ्यावर होतं. तो आता पांढरा पडेल, आता ती हात उगारेल, आता खुर्चीत बसेल.

ताई कपाटापाशी गेली. त्या मालातली एक बाटली उरली होती, ती उघडली, बोट बुडवून चाखलं. पुन्हा चाखलं. पावाचा तुकडा मोडून त्यावर चांगलं चमचाभर घेतलं आणि शांतपणे चावून खाल्लं. मग तिच्या कपाळावरची आठी हळूहळू सुटली.

"अगं खरंच की," ती म्हणाली. "एवढ्या मोठ्या तपेल्यात एकेक मिरची कुठं कळणार आहे? आपोआप सारखं होतं. आईचं असायचं वाटीभर, तिला निवडून घालणं भाग होतं. आपण उगाच इतकी वर्षं वेळ घालवला."

आपण म्हणे.

आणि ती हसली. त्या हसण्यात खोट नव्हती, डूख नव्हता. एखादी जड पेटी इतके दिवस उचलत होतो आणि तिला खाली चाकं आहेत हे आज कळलं, असं माणूस हसतं तसं ती हसली. बारकीला वाटलं होतं की आपण ताईच्या पायाखालची जमीन काढून घेऊ. जमीन गेली होती खरी, पण ज्या पायांखालून गेली ते ताईचे नव्हते. पंधरा वर्षं पेटीभर मिरच्या, दिवसामागून दिवस, सुजलेले ओठ, न गिळलेले घास, आणि तो ठिपका. त्यातलं काहीसुद्धा लागत नव्हतं. कुणालाच लागत नव्हतं.

"म्हणजे निवडावं लागतच नाही?" टेम्पोवाल्यानं विचारलं. त्यानं ताईला विचारलं.

"अजिबात नाही," ताई म्हणाली.

त्यानं एकदा टोपीच्या कडेवरून बोट फिरवलं. मग टोपी डोक्यावर घातली. माल उचलला. दारात वळून बारकीला म्हणाला, "काळजी घ्या हं डोळ्यांची." तो पुन्हा तुम्हीवर आला होता. बारकी दारापर्यंत गेली, तो कचेरीचं काही बोलेल म्हणून. दोन जिने उतरून टेम्पो सुरू होईपर्यंत तिथंच उभी राहिली. गरज सरो आणि वैद्य मरो म्हणतात, ते वैद्याला दारात उभं राहून ऐकावं लागलं तर कसं वाटत असेल, ते तिला विचारा.

ती आत आली तेव्हा ताई ओट्याशी पाठ टेकून उभी होती आणि तिच्याकडे बघत होती. रागानं नव्हे. घरात नवं सामान आल्यावर जुन्याला कुठं सरकवायचं याचा बाई विचार करते, तेवढ्याच आपुलकीनं.

"मग आता तुझं काय करायचं गं बारके?" तिनं विचारलं.

बारकीनं इकडंतिकडं बघितलं. अर्ध्या स्वयंपाकघरावर धुकं होतं. शेगडी ताईची, तपेलं ताईचं, काटा ताईच्या हातात. भिंतीशी नव्या बाटल्यांची खोकी रचून ठेवली होती.

"मी बाटल्या धुईन," ती म्हणाली.

"बाटल्या कारखान्यातूनच धुऊन येतात," ताई म्हणाली.